कामाचं व्यसन मोजतात कसं? मानसशास्त्रीय संशोधनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कामाचं व्यसन म्हणजे नेमकं काय? मेहनती माणसाला व्यसनी का म्हणायचं?

मेहनती माणसाला कुणी व्यसनी म्हणत नाही. संशोधक ज्याला कामाचं व्यसन म्हणतात त्याची खूण काम थांबल्यावर दिसते. मेहनती माणूस दहा तास राबतो, घरी येतो, जेवतो आणि झोपतो. व्यसन जडलेल्या माणसाचं शरीर घरी येतं, पण डोकं ऑफिसातच राहतं. रविवारी दुपारी सगळे आडवे झाले की त्याला चुकल्यासारखं वाटतं. मग काहीतरी निमित्त काढून तो लॅपटॉप उघडतो आणि उघडल्याबरोबर त्याला हायसं वाटतं. ते हायसं वाटणं लक्षात ठेवा, कारण पुढच्या जवळजवळ सगळ्या प्रश्नावल्या तिथेच बोट ठेवतात.

व्याख्येत साधारण तीन गोष्टी येतात: गरजेपेक्षा आणि अपेक्षेपेक्षा जास्त काम करणं, आतून कुणी ढकलतंय अशी सक्ती जाणवणं, आणि तब्येत, झोप किंवा नाती बिघडत असूनही ते चालूच राहणं. तिन्ही एकत्र असतील तरच या शब्दाला अर्थ आहे.

हा अभ्यास कधी सुरू झाला?

हंगेरीचे मनोविश्लेषक सांडोर फेरेन्झी यांनी १९१९ मध्येच ‘रविवारच्या मनोविकारा’वर लिहिलं होतं. आठवडाभर ठणठणीत असलेल्या माणसांना सुट्टीच्या दिवशी डोकेदुखी, पोटाच्या तक्रारी, उदासी असं काहीबाही होतं, हे त्यांनी टिपलं.

‘वर्कोहोलिक’ हा शब्द रूढ केला तो वेन ओट्स या अमेरिकी धर्मोपदेशक आणि मानसशास्त्रज्ञाने. त्यांनी १९६८ च्या एका लेखात तो वापरला आणि १९७१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. दारूच्या व्यसनासाठी इंग्रजीत जो शब्द आहे त्याच्याच साच्यातून त्यांनी हा पाडला. स्वतःची अवस्था त्यांच्या लक्षात आली ती पाच वर्षांच्या मुलामुळे. वडिलांना भेटायचं म्हणून त्याने चक्क अपॉइंटमेंट मागितली होती.

पुढची वीस वर्षं हा शब्द मासिकांतच जास्त फिरला. मोजमाप आलं १९९२ मध्ये. टेक्सास विद्यापीठातल्या जॅनेट स्पेन्स आणि अ‍ॅन रॉबिन्स यांनी तीन गोष्टी वेगळ्या काढल्या: कामात गुंतणं, आतून येणारा रेटा आणि कामातला आनंद. गुंतणं जास्त, रेटा जास्त आणि आनंद कमी असेल तर तो वर्कोहोलिक. गुंतणं आणि आनंद जास्त पण रेटा कमी असेल तर तो कामाचा उत्साही. ही विभागणी आजही उपयोगी पडते, कारण बाहेरून दोघंही सारखेच दिसतात.

हा अधिकृत आजार आहे का?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात (हे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं) वर्तनाच्या व्यसनांखाली जुगार आणि गेमिंग यांची नावं आहेत, कामाचं नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या नियमावलीतही नाही. बर्नआउटचा (कामाच्या सततच्या ताणाने येणाऱ्या थकव्याचा) त्या अकराव्या वर्गीकरणात उल्लेख आहे, पण तोही आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणी आढळणारी एक स्थिती म्हणून.

अमेरिकी नियमावलीत एक जवळचा नातेवाईक मात्र आहे. सक्ती-नियमबद्ध व्यक्तिमत्त्वविकाराच्या (नियम आणि परिपूर्णतेचा टोकाचा हट्ट धरणाऱ्या स्वभावाच्या) निकषांत ‘मित्र आणि विरंगुळा यांना फाटा देऊन कामाला आणि उत्पादकतेला वाहून घेणं’ असा एक निकष येतो. त्यामुळे कामाचं व्यसन वेगळं मानायचं की या व्यक्तिमत्त्वाचाच एक चेहरा, हा वाद खरा आहे. जोएल बियू आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये इशारा दिला होता की रोजच्या जगण्यातल्या प्रत्येक अतिरेकाला व्यसनाचं लेबल लावलं तर व्यसन या शब्दातच काही उरणार नाही. हा इशारा आम्हाला महत्त्वाचा वाटतो. ‘अधिकृत आजार नाही’ याचा अर्थ ‘त्रास खोटा आहे’ असा होत नाही. पण कुणी तुम्हाला १० मिनिटांच्या चाचणीवरून ‘तुम्हाला कामाच्या व्यसनाचा आजार आहे’ असं निदान लिहून देत असेल, तर ते चूक आहे.

मोजतात कसं?

मुख्यतः प्रश्नावलीने. सगळ्यात जास्त दिसणाऱ्या चार अशा.

ब्रायन रॉबिन्सन यांची २५ विधानांची जोखीम चाचणी. प्रत्येक विधानाला १ ते ४ गुण, म्हणजे एकूण २५ ते १००. घाई, सगळं आपल्या हातात ठेवण्याची ओढ, स्वतःवरच कठोर होणं अशा गोष्टी यात येतात. हिच्यावर टीका अशी की ती व्यसनापेक्षा स्वभाव जास्त मोजते.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाचे विल्मार शाउफेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांची १० विधानांची मोजपट्टी. पाच विधानं ‘अति काम’ मोजतात, पाच ‘सक्तीने काम’. शाउफेली, शिमाझु आणि तारिस यांनी २००९ मध्ये ती नेदरलँड्स आणि जपान या दोन अगदी वेगळ्या देशांत तपासून पाहिली.

नॉर्वेची बर्गेन मोजपट्टी, २०१२ ची. सेसिली शाऊ आंद्रेआसेन, मार्क ग्रिफिथ्स, योर्न हेटलँड आणि स्टोले पालेसेन यांनी ती बनवली. फक्त ७ प्रश्न, आणि ते थेट व्यसनाच्या सिद्धांतावरून घेतलेले. तिच्याबद्दल पुढे सविस्तर आहे.

जॉर्जिया विद्यापीठातल्या मलिसा क्लार्क आणि सहकाऱ्यांची २०२० ची १६ विधानांची मोजपट्टी. प्रेरणा, विचार, भावना आणि वर्तन, प्रत्येकी चार विधानं. काम करता न आल्यावर काय वाटतं, याला इथे स्वतंत्र जागा मिळाली. आमच्या मते ही तिची सगळ्यात जमेची बाजू आहे.

अलीकडे पोलंडमधल्या संशोधकांच्या पुढाकाराने एक आंतरराष्ट्रीय मोजपट्टी तयार झाली. ती ८५ संस्कृतींमध्ये, ३१ हजारांहून अधिक नोकरदारांवर तपासली आहे. देशादेशांची तुलना करायची असेल तर यापुढे तिचाच आधार घेतला जाईल.

बर्गेन मोजपट्टीचे गुण कसे मोजायचे? बेरीज करायची का?

इथेच सर्वाधिक चुका होतात. प्रश्न गेल्या एका वर्षाबद्दल असतात. उत्तरं पाच: कधीच नाही (१), क्वचित (२), कधीकधी (३), बऱ्याचदा (४), नेहमी (५). विचारलेल्या गोष्टी थोडक्यात अशा: कामासाठी आणखी वेळ कसा काढता येईल याचा विचार करणं, अपराधीपणा, चिंता, हतबलता किंवा उदासी घालवण्यासाठी काम करणं, ठरवलेल्यापेक्षा खूप जास्त वेळ काम होणं, काम करू दिलं नाही तर ताण येणं, काम कमी कर असं इतरांनी सांगूनही न ऐकणं, छंद-विरंगुळा-व्यायाम मागे टाकणं, आणि कामामुळे तब्येत बिघडणं.

नियम असा: ७ पैकी किमान ४ प्रश्नांना ‘बऱ्याचदा’ किंवा ‘नेहमी’ असेल तरच व्यसनाची शक्यता धरायची. नुसत्या बेरजेवरून हे ठरत नाही. समजा एका बाईंनी सातही प्रश्नांना ‘कधीकधी’ म्हटलं. बेरीज २१, पण ४ किंवा त्यावरचं उत्तर एकही नाही, म्हणून त्या निकषात बसत नाहीत. त्यांच्या सहकाऱ्याची उत्तरं ५, ४, ४, ४, २, १, १. बेरीज तीच २१, पण चार उत्तरं ४ किंवा त्यावरची, म्हणून तो बसतो. पहिलीचं काम जरा जास्त होतंय एवढंच. दुसऱ्याकडे काही गोष्टी पक्क्या रुतल्या आहेत.

आणि त्या चार कुठल्या, हेही पाहा. ‘तब्येत बिघडली’ आणि ‘ठरवलेल्यापेक्षा जास्त वेळ’ ही उत्तरं वाईट मॅनेजरमुळेही येतात. ‘उदासी घालवण्यासाठी काम’ आणि ‘काम करू दिलं नाही तर ताण’ ही मॅनेजरमुळे येत नाहीत.

किती लोकांना असं व्यसन असतं?

नॉर्वेत देशाचं प्रतिनिधित्व करतील अशा १,१२४ नोकरदारांच्या पाहणीत (२०१४) बर्गेन निकषाने ८.३ टक्के निघाले. २०१६ च्या मोठ्या पाहणीत १६,४२६ जणांत ७.८ टक्के. सगळ्या जगातले अभ्यास एकत्र करणाऱ्या २०२३ च्या विश्लेषणात आकडा १५.२ टक्के आला आणि प्रकाशनातला कल (ठळक निकालच जास्त छापले जातात, तो) वजा केल्यावर १४.१.

८ आणि १५ यांत इतका फरक का? बरेच अभ्यास सोयीच्या नमुन्यावर होतात. ऑनलाइन दुवा टाकला की ज्यांना हा विषय चिकटलेला आहे तेच उत्साहाने भरतात. मोजपट्ट्याही वेगळ्या. काही जण तर नमुन्यातले सर्वांत वरचे २५ टक्के म्हणजे व्यसनी, अशी रेघ ओढतात. तशी रेघ ओढल्यावर कुठल्याही ऑफिसात, अगदी निवांत ऑफिसातही, चौथा हिस्सा व्यसनी निघणारच. म्हणून बातमीत टक्केवारी वाचली की दोन गोष्टी विचाराव्यात: रेघ कुठे ओढली, आणि माणसं कशी निवडली.

मी आठवड्याला ६० तास काम करतो. म्हणजे मला व्यसन आहे?

त्या आकड्यावरून सांगता येत नाही. तास आणि व्यसन यांचा संबंध आहे, पण मध्यमच. उसाच्या गळीत हंगामात साखर कारखान्यातला माणूस, मार्चअखेर सीएच्या ऑफिसातली मुलगी, दोन नोकऱ्या करून हप्ते फेडणारा बाप, यांचे तास खूप असतात. हंगाम संपला, हप्ता फिटला की ते थांबतात आणि थांबल्यावर त्यांना बरं वाटतं. उलट ४५ तास भरणारा एखादा जेवताना, गाडी चालवताना, मुलाच्या गॅदरिंगला बसलेला असतानाही मनात मेल लिहीत असतो.

नेदरलँड्समधल्या एका सल्लागार कंपनीच्या कर्मचाऱ्यांवरचा २०१७ चा अभ्यास इथे फार बोलका आहे. कमरेचा घेर, रक्तदाब, चरबीचं प्रमाण अशा चयापचयाच्या धोक्यांशी नुसत्या जास्त तासांचा संबंध सापडला नाही, सक्तीने काम करण्याच्या वृत्तीचा सापडला. त्यातही ज्यांना काम मनापासून आवडत होतं त्यांना धोका कमी होता.

पण यावरून ‘तास कितीही चालतात’ असा निष्कर्ष काढू नका. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. २०१६ या एका वर्षात असे ७ लाख ४५ हजार मृत्यू धरले गेले. आपल्याकडे ७० तास, ९० तास अशा आठवड्यांची जी भाषणं गाजली, त्यांना उत्तर म्हणून हा आकडा पुरेसा आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, ती उगाच नव्हती.

मग जपानची ‘कारोशी’ म्हणजे कामाचं व्यसनच ना?

नाही. कारोशी म्हणजे अतिकामाने आलेला मृत्यू. तिथे ढकलणारा हात बहुतेक वेळा बाहेरचा असतो: वरिष्ठ, मनुष्यबळाची टंचाई, रेटून घेतलेला ओव्हरटाइम. जपानमध्ये नुकसानभरपाई ठरवताना एका महिन्यात १०० तास, किंवा दोन ते सहा महिन्यांत सरासरी ८० तास ओव्हरटाइम ही धोक्याची रेघ मानतात, आणि २०१४ मध्ये प्रतिबंधासाठी स्वतंत्र कायदा झाला. अशा मृत्यूला ‘त्याला कामाचं व्यसनच होतं’ म्हणणं म्हणजे मालकाची जबाबदारी मेलेल्या माणसाच्या डोक्यावर टाकणं. आपल्याकडेही तरुण नोकरदाराचा मृत्यू झाला की ही भाषा ऐकू येते. ती चुकीची आणि निर्दय आहे.

कामात रमणं आणि कामाचं व्यसन, फरक कसा ओळखायचा?

रमलेला माणूस कामाकडे ओढला जातो, व्यसन जडलेला ढकलला जातो. कॅनडाचे रॉबेर वॅलेराँ यांनी २००३ मध्ये दोन प्रकारच्या ओढी सांगितल्या, सुसंवादी आणि पछाडणारी. पहिलीत माणूस काम बाजूला ठेवू शकतो. दुसरीत काम त्याला सोडत नाही.

तपासायला सोपी जागा म्हणजे व्यत्यय. संध्याकाळी सात वाजता लाइट गेले, नेट बंद. रमलेला चुकचुकतो आणि गच्चीवर जाऊन गप्पा मारतो. दुसरा दर पाच मिनिटांनी राउटरकडे बघतो, मोबाइलचं हॉटस्पॉट लावतो, घरच्यांवर चिडतो आणि लाइट आल्यावर आधी मेल उघडतो. त्या मेलमध्ये तातडीचं काही नसतं, बहुतेक वेळा.

हे कुणाला होतं? स्वभावाचा दोष की कंपनीचा?

दोन्हींचा. क्लार्क आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या एकत्रित विश्लेषणात परिपूर्णतेचा ध्यास आणि सतत घाईत, चढाओढीत असणारा स्वभाव यांच्याशी ठळक संबंध दिसला. बाई की पुरुष, लग्न झालेलं की नाही, याने फरक पडला नाही. नॉर्वेच्या पाहणीत तरुणांमध्ये प्रमाण जास्त होतं.

२०१६ च्या नॉर्वेजियन पाहणीतले आकडे लक्ष देऊन वाचण्यासारखे आहेत. ज्यांचे गुण कामाच्या व्यसनाच्या निकषात बसले त्यांच्यापैकी ३३.८ टक्क्यांत चिंताविकाराची लक्षणं होती, बाकीच्यांत ११.९. एडीएचडीची (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) ३२.७ विरुद्ध १२.७. सक्तीविकाराची (ओसीडी, म्हणजे नको ते विचार आणि त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा होणं) २५.६ विरुद्ध ८.७. नैराश्याची ८.९ विरुद्ध २.६.

पण ही पाहणी एकाच वेळी केलेली आहे. चिंतेमुळे माणूस कामात लपतो, की कामाने पोखरल्यामुळे चिंता वाढते, हे त्यातून कळत नाही. शिवाय ही लक्षणांची चाळणी आहे, डॉक्टरांनी केलेलं निदान नाही. ‘कामाच्या व्यसनामुळे चिंताविकार होतो’ अशी बातमी कुठे वाचलीत तर ती या अभ्यासावरून काढता येत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

कंपनीचा वाटा असा: रात्री अकराच्या मेलला जो लगेच उत्तर देतो त्याचं सर्वांसमोर कौतुक होतं. आतला रेटा आधीच असलेल्या माणसाला ही शाबासकी म्हणजे रोजचा डोस आहे.

एकदा प्रश्नावली भरून घेतली की काम झालं का?

नाही. ‘गेल्या वर्षभरात’ असं विचारलं की माणूस आठवणीवर बोलतो, आणि व्यसन असलेल्याची आठवण स्वतःला झुकतं माप देते. म्हणून डायरी-अभ्यास करतात. इटलीतल्या संशोधकांनी १३९ पूर्णवेळ नोकरदारांना तीन दिवस, कामाच्या वेळेत साधारण दर दीड तासाला, मोबाइलवर छोटे प्रश्न पाठवले. जास्त व्यसन असलेल्यांचा मूड दिवसभर सरासरीने वाईट होता आणि फारसा हलतही नव्हता. म्हणजे काम करतानाही त्यांना बरं वाटत नव्हतं. या विषयातला आमच्या मते हा सगळ्यात डोळे उघडणारा निष्कर्ष.

स्वतः असा अभ्यास करायचा असेल तर दिवसाला २ ते ३ वेळा, प्रत्येक वेळी दोन मिनिटांच्या आत संपतील एवढेच प्रश्न, आणि १० कामाचे दिवस ठेवा. मध्ये निदान एक शनिवार-रविवार हवाच, नाहीतर मुख्य गोष्ट निसटते. पाचव्या-सहाव्या दिवसापासून गळती सुरू होते. गळणारे बहुधा सगळ्यात जास्त कामात असलेलेच असतात, म्हणून कोण गळलं याची नोंद निकालात लिहा.

मराठीत प्रश्नावली वापरायची आहे. इंग्रजीवरून भाषांतर करून चालेल?

एका बैठकीत भाषांतर करून वापरली तर चालत नाही. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध इथेच सर्वाधिक ढासळतात.

आधी मूळ लेखकांची लेखी परवानगी आणि आपल्या संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी. मग दोन भाषांतरकार, एक मानसशास्त्र जाणणारा, एक अजिबात न जाणणारा, एकमेकांशी न बोलता मराठी मसुदे करतील. दोन्ही समोर ठेवून एक मसुदा. मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दोघांनी तो परत इंग्रजीत न्यायचा. जिथे परतीचं इंग्रजी मूळापासून सरकतं तिथे मराठी दुरुस्त करायचं. त्यानंतर १० ते १५ लोकांना एकेक प्रश्न मोठ्याने वाचायला सांगून ‘तुम्हाला यातून काय कळलं?’ असं विचारा. विदर्भातला, कोकणातला, मुंबईतला असे वेगवेगळे घ्या. मग ३०-४० जणांवर चाचपणी, आणि मग मुख्य नमुना. सात प्रश्नांची घटक-रचना (कुठले प्रश्न मिळून एकच गोष्ट मोजतात ते) तपासायला किमान २००, जमल्यास ३०० च्या वर. त्यातल्या पन्नासेक जणांकडून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा भरून घ्या.

अडखळायच्या जागा ठरलेल्या आहेत. ‘अपराधीपणा’ हा शब्द लोक वाचतात आणि पोलीस-कोर्टाकडे जातात. बोलताना माणूस ‘मन खातं’ किंवा ‘चुकल्यासारखं वाटतं’ म्हणतो. ‘डिप्रेशन’ लिहिलं की लोकांना आजार वाटतो आणि ते ‘कधीच नाही’वर खूण करतात. ‘उदास वाटणं’ लिहिलं की उत्तरं बदलतात. ‘काम करण्यास मनाई केली’ हे वाचून सरकारी नोकराला निलंबन आठवतं, म्हणून ‘काही कारणाने काम करू दिलं गेलं नाही’ असं सोपं करावं लागतं.

सगळ्यात घातक जागा उत्तरांच्या पट्टीवर आहे. मराठीत ‘मी नेहमी जातो तिकडे’ म्हणणारा महिन्यातून दोनदा जात असतो. आपलं ‘नेहमी’ सैल आहे आणि ‘बऱ्याचदा’ आणि ‘कधीकधी’ यांच्यातली सीमाही पुसट. बर्गेनचा सगळा निकाल तर ३ आणि ४ यांच्या मधल्या त्या सीमेवरच उभा आहे. म्हणून चाचपणीत ‘बऱ्याचदा म्हणजे आठवड्यातून किती वेळा?’ हे आवर्जून विचारा आणि उत्तरांचा ताळा ठेवा.

भरून कुठे घेता, हेही निकाल बदलतं. ऑफिसच्या मेलवरून, एचआरच्या सहीने दुवा गेला तर लोक खरं लिहीत नाहीत. वैयक्तिक गुण मालकाला दिले जाणार नाहीत, हे पहिल्या पानावर लिहा आणि पाळा. आणि मार्चमध्ये माहिती गोळा करू नका.

घरकामाचं व्यसन यात धरतात का?

या प्रश्नावल्या पगारी कामासाठी बनल्या. पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत उभी असलेली, ‘बसलं की अंग दुखतं’ म्हणणारी आई यांच्या कक्षेत येतच नाही. तिचं काम तिने निवडलंय, तिच्यावर टाकलंय, की थांबल्यावर मन खातं म्हणून ती थांबत नाही, हे वेगळं करणारी मोजपट्टी हवी आहे. मराठीत पीएच.डी.ला विषय शोधणाऱ्यांनी याचा विचार करावा. ओट्सच्या शब्दात बायकांचं घरातलं आयुष्य बसवण्यापेक्षा, ते आयुष्य बघून प्रश्न तयार करा.

अभ्यासाचं व्यसनही असतं का?

पोलंडमधले पावेल अत्रोश्को आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये बर्गेनच्याच धर्तीवर विद्यार्थ्यांसाठी मोजपट्टी केली. कामाच्या व्यसनाची ही आधीची पायरी असू शकते, असा त्यांचा विचार आहे. आपल्याकडे स्पर्धा परीक्षांच्या मुलांवर ती वापरताना जपून. १४ तासांचं वेळापत्रक अभ्यासिकेने आणि घराने लादलेलं असू शकतं, आणि लादलेल्याला व्यसन म्हणत नाहीत.

यावर उपचार काय?

खास या त्रासासाठी मान्य झालेलं औषध नाही. सोबत चिंता, नैराश्य किंवा एडीएचडी असेल तर त्याचे उपचार मानसोपचारतज्ज्ञ देतात आणि पुष्कळदा त्यानेच कामाची पकडही सैल होते. बोधात्मक वर्तनोपचार (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलणं) आणि प्रेरणात्मक मुलाखत (बदलायची इच्छा माणसाच्याच बोलण्यातून जागी करणं) या दोन पद्धती इतर व्यसनांवरून इथे आणल्या आहेत. ध्यानावर आधारित ८ आठवड्यांच्या कार्यक्रमाची नियंत्रित चाचणी विल्यम व्हॅन गॉर्डन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केली, निकाल उत्साहवर्धक होते. तरीही या क्षेत्रात चाचण्या मोजक्याच आहेत, हे उपचार घेणाऱ्याला सांगितलंच पाहिजे. ‘वर्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ हा स्वमदत गट १९८३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झाला. दारू सोडणाऱ्यांच्या गटांसारखाच तो बारा पायऱ्यांवर चालतो.

दारू पूर्ण सोडता येते, काम सोडता येत नाही. म्हणून उपचारात पथ्य आखावं लागतं, जेवणाच्या विकारात आखतात तसं. पहिले दोन आठवडे काही बदलायचं नाही, फक्त नोंद: काम कधी थांबवलं, थांबवल्यावर ३० मिनिटांनी कसं वाटलं, पुन्हा उघडलं का, उघडण्याआधी मनात काय होतं. एखादं पान असं असतं: ‘८.१० ला बंद. ८.४० ला छातीत धडधड, उद्याची मीटिंग. ८.५५ ला फोनवर मेल पाहिली, काही नव्हतं. ९.०५ ला पुन्हा पाहिली.’ तो ८.४० ते ८.५५ चा पंधरा मिनिटांचा काळ म्हणजे उपचाराची जागा. ती अस्वस्थता मेल न उघडता सहन केली तर ती आपोआप उतरते, हे माणसाला एकदा स्वतःच्या अंगावर कळावं लागतं. सुरुवात आठवड्यातल्या दोन संध्याकाळींपासून. एकदम ‘आता आठ दिवस लॅपटॉप बंद’ असं केलं की चौथ्या दिवशी तो दुप्पट उघडला जातो.

जर्मनीतल्या झाबिने झोनेनटाग आणि शार्लोटे फ्रिट्झ यांच्या २००७ च्या कामातून कळतं की विश्रांतीलाही घटक असतात: मनाने कामापासून सुटणं, शरीर सैलावणं, नवं काही जमवणं, आणि मोकळा वेळ आपल्या हाती असणं. कामाचं व्यसन असलेल्यांना ‘शांत बस’ सांगणं बहुतेक वेळा फसतं. तबला, पोहणं, बागकाम असं तिसऱ्या घटकातलं काही दिलं तर पहिला घटक आपसूक साधतो.

घरच्यांनी काय करावं?

‘तुम्हाला आमच्यापेक्षा काम मोठं’ हे वाक्य खरं असलं तरी उपयोगाचं नाही. त्याने अपराधीपणा वाढतो आणि तो घालवायला माणूस पुन्हा कामाकडेच जातो. त्याऐवजी एक ठरावीक, मोजता येणारी गोष्ट मागा: ‘अहो, मंगळवार आणि शुक्रवार जेवताना फोन कपाटात ठेवूया.’ आणि त्यांच्या वतीने खोटं बोलणं थांबवा. ‘बाबा कामात आहेत’ म्हणून मुलांना, पाहुण्यांना सांभाळून घेणं म्हणजे दारुड्याच्या ऑफिसला फोन करून ‘ताप आलाय’ सांगण्यासारखं आहे. झोप सतत तुटत असेल, छातीत दुखत असेल, मरणाचे विचार बोलून दाखवत असतील, तर प्रश्नावल्या बाजूला ठेवा आणि थेट डॉक्टर गाठा.

कंपनीने चाचणी घेऊन व्यसनी लोक हुडकावेत का?

मुळीच नाही. या मोजपट्ट्या संशोधनासाठी आहेत. बढती किंवा बदली त्यावर ठरवणं अन्याय आहे. कंपनीच्या हाती असलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत: रात्रीच्या मेल सकाळी सुटतील अशी सोय, रजेवर असलेल्याच्या जागी खरोखर दुसरा माणूस, आणि मूल्यमापनात ‘सतत उपलब्ध’ हा गुण काढून टाकणं. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याच्या हक्कावर कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. भारतात बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या अखेरीस याच हक्कासाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं.

मदत कुठे मिळेल?

केंद्र सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ वर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. प्रत्यक्ष भेटीसाठी जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग चालतो. ठाण्याची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था १९९० पासून मराठीतून काम करते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे जाताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका. पहिल्या भेटीला दोन आठवड्यांची वर सांगितलेली नोंदवही घेऊन जा. ‘काम फार आहे हो’ यावरून तज्ज्ञाला थोडंच कळतं, ८.४० आणि ८.५५ वरून पुष्कळ कळतं.